अपुरं आवर्तन

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्याच घरात घडली. मिशिगनमधल्या ट्रॉयला, आमच्या भाड्याच्या टाउनहाउसमध्ये, गेल्या वर्षी, म्हणजे १९८६ च्या जानेवारीत, एका गुरुवारी.

भर दुपारी.

हो, दुपारीच. अमावास्या नव्हती, लाइट गेलेले नव्हते. स्वयंपाकघरात मी कुकर लावलेला होता.

आणि माझी लेक वरच्या खोलीत झोपली होती...

तिचं नाव मृणालिनी. आम्ही मिनू म्हणतो. तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. आत्ता हे लिहितेय तेव्हाही ती शेजारच्या खोलीत झोपलीय. ती झोपते तेवढाच वेळ माझा, त्यामुळे लिहिणं तुटक होईल. सांभाळून घ्या. आणि मधेच उठावं लागलं तर उठेन.

का उठावं लागतं, तेही सांगणारच आहे.

माझा नवरा गिरीश इथल्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहे. गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो, पण जीव सगळा तबल्यात. पुण्यात असताना बरीच वर्षं शिकलाय. मंडळाच्या गणपतीत कुणीही गायला बसलं की साथीला हाच. ८५ च्या गणपतीला हायस्कूलच्या कॅफेटेरियात असाच वाजवत होता. त्याच्या ऑफिसातल्या एकाची बायको, बॉनी, त्या दिवशी आली होती. शाळेत शिकवणारी, पन्नाशीची, उंच बाई. हातातला मोदक तसाच धरून ती पूर्ण कार्यक्रमभर जमिनीवर बसून होती.

कार्यक्रम संपल्यावर सरळ गिरीशकडे आली.

"आमच्याकडे एक ड्रम आहे," ती म्हणाली. "वाजवायला कुणी उरलं नाही. तू येशील?"

तासाभरावरच्या एका युनिव्हर्सिटीत जावाच्या संगीताचा एक ग्रुप होता. गामेलान म्हणतात त्याला. बॉनी त्यात वाजवायची. गिरीशला काय, नवीन वाद्य म्हटलं की झालं. पुढच्याच शनिवारी आम्ही तिघं गेलो.

ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. दाराशीच चपला-बूट काढायचे. जमिनीवर ओळीने पितळी पट्ट्यांची वाद्यं, उपडी ठेवलेली काशाची भांडी, आणि मागे लाकडी चौकटीला टांगलेला एक मोठा गाँग. त्याच्या पायाशी वाटीत ताजी फुलं. वाद्य ओलांडून जायचं नाही. चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार.

"अगं, हे तर आपलंच!" गिरीश खुशीत म्हणाला.

आणि मधोमध तो ढोल. कंडांग. आपल्या मृदंगासारखा आडवा, लाकडी घोडीवर ठेवलेला. दोन्ही बाजूंना चामडं, एक तोंड मोठं, एक लहान, वाजवायचं नुसत्या हातांनी. मी जवळ वाकले आणि एकदम माहेरची आठवण आली. माझं माहेर राजापूरकडचं. फणसाचं लाकूड मला वासावरून कळतं.

"कंडक्टर कोण मग?" गिरीशने विचारलं.

बॉनीने ढोलाकडे बोट केलं. कधी सुरू करायचं, कधी संथ व्हायचं, कधी संपवायचं, सगळं हा ढोल सांगतो. चाल गोल गोल फिरत राहते. प्रत्येक फेरीच्या शेवटी गाँग. ढोलाने संपवायची खूण दिल्याशिवाय कुणीही थांबायचं नाही.

"आणि ढोलाने सांगितलंच नाही तर?" मी गमतीत विचारलं.

बॉनी हसली नाही.

मिनूचा डायपर बदलायला आम्ही दोघी बाथरूममध्ये गेलो तेव्हा तिने सांगितलं. त्यांचे गुरुजी, पाक दार्मो. पाक म्हणजे आपल्याकडचं 'काका'. त्या वसंतात, प्रॅक्टिसमध्ये वाजवता वाजवता त्यांचं डोकं ढोलावर टेकलं.

"आम्हाला वाटलं, ऐकतायत. ते असेच ऐकायचे, कान टेकवून. आम्ही वाजवत राहिलो. आणखी एक फेरी... आणखी एक. मग एकेक जण थांबत गेला." तिने मिनूचा पाय हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. "शेवटचा गाँग कुणी वाजवलाच नाही."

येताना गाडीत मी गिरीशला हे सांगितलं. त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "काय मरण आहे यार. वाजवता वाजवता. भाग्यवान माणूस."

मला नाही तसं वाटलं.

गिरीश भराभर शिकला. एकाच गोष्टीवरून मात्र त्याची आणि बॉनीची दर वेळी जुंपायची. आपली सम ही पहिली मात्रा. आवर्तन तिथून सुरू होतं. त्यांचा गाँग ही शेवटची मात्रा. सगळं येऊन तिथे संपतं. गाँग वाजला की गिरीशचा ढोलावरचा हात पुढे पळायचा, नवीन सुरुवात झाल्यासारखा.

"गिरीश, आपण पोचलोय. तू निघतोस कुठे?" बॉनी म्हणायची.

"अगं बाई, वर्तुळच आहे ना? शेवट काय, सुरुवात काय!"

"फरक आहे," बॉनी म्हणायची. "आणि गाँग जरा उशिराने येऊ दे. पाक दार्मो म्हणायचे, सगळ्यांना घरी पोचू दे, मग दार लावा."

डिसेंबरमध्ये सुट्टीआधीची शेवटची प्रॅक्टिस होती. शेवटी बॉनीने एक जुनी संथ चाल काढली. पाक दार्मोंची आवडती. ते गेल्यापासून कुणी वाजवली नव्हती. सगळे रंगले. गिरीशला संपवायची खूण आठवेना, किंवा चढलं असेल अंगात... त्याने चक्क तिहाई घेतली! तोच तुकडा तीनदा, आणि धाडकन समेवर. आपल्याकडे लोकांनी माना डोलावल्या असत्या. इथे सगळे गोंधळून थांबले, मग हसत सुटले. गाँगवाला मुलगाही हसत होता. हातातला दांडा तसाच हवेत.

मी मिनूला मांडीवर घेऊन बसले होते. ती हसत नव्हती. मान वळवून गाँगकडे बघत होती.

वाट बघत होती...

युनिव्हर्सिटी बंद होणार होती आणि कार्यक्रम जानेवारीअखेर. म्हणून गिरीश ढोल घरी घेऊन आला. हॉलच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटापाशी ठेवला. हीटिंगच्या उबेने घरभर फणसाच्या लाकडाचा वास सुटला. मला आवडला, खोटं कशाला बोलू.

पहिल्यांदा ऐकलं ते जानेवारी सुरू झाल्यावर.

गिरीश ऑफिसला. मिनू झोपलेली. मी खाली कपड्यांच्या घड्या घालत होते. आमची हीटिंगची भट्टी जुनी, सारखी घूं घूं करते. इतकी सवय झालेली की ऐकूही येत नाही. तो आवाज बंद झाला तेव्हा कळलं.

फ्रिजचाही बंद.

सगळं घर कसं कान टवकारून बसल्यासारखं...

दुंग.

एकच.

मी हॉलमध्ये जाऊन बघितलं. ढोल जागेवर. भट्टी पुन्हा घूं घूं करायला लागली होती.

"अगं, हीटिंगने हवा कोरडी होते, चामडं ओढलं जातं," गिरीश रात्री जेवताना म्हणाला. "माझ्या तबल्याचंही होतं."

तबल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण म्हटलं, असेल.

दुसऱ्या दिवशी मिनू हाय चेअरमध्ये बसून खिमट खात होती. खाता खाता ट्रेवर थापा मारायला लागली. पोरं मारतातच. पण या थापा संथ होत्या. मध्ये जागा सोडून. पंजा उचलायचा... थांबायचं... हलकेच ठेवायचा. एखादं म्हातारं माणूस वाजवेल तशा. मग थापा थांबल्या. तिने मान वळवून मागे पाहिलं, भिंतीकडे. जरा वेळ वाट बघितली. काही झालं नाही, तशी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी चमचा धरून बसले होते. खिमट गार झालं.

त्याच आठवड्यात ती बिस्किट घेऊन डुलत डुलत ढोलापाशी गेली. ढोलाच्या पलीकडे, वाजवणारा बसतो तिथे, तिने बिस्किट पुढे केलं. धरून उभी राहिली. मग परत माझ्याकडे आली, जरा हिरमुसून.

"आजो नको," ती म्हणाली.

केस पांढरे असलेल्या प्रत्येक माणसाला ती तेव्हा 'आजो' म्हणायची...

मी विनीताला फोन केला. विनीता माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण, दोन मुलांची आई. ढोलाचं सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, "मिनू हल्ली दुपारी खूप झोपते गं. उठतच नाही लवकर."

"मूल झोपतं म्हणून तक्रार करणारी आई पहिल्यांदाच बघतेय! माझा कार्टा पाठवून देऊ का? अगं, तू पण झोप. डोळ्यांखाली काळं झालंय तुझ्या."

मी हसले. पण खरंच, मिनूची झोप रोज लांबत चालली होती. आणि झोपेत तिचा उजवा पंजा गादीवर थापा मारायचा. संथ.

दिवसेंदिवस जास्त संथ.

मग तो गुरुवार आला.

सकाळपासून बर्फ. दुपारी जेवणानंतरच बाहेर संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. मिनूला निजवून मी खाली आले, रात्रीसाठी वरण-भाताचा कुकर लावला आणि कणीक मळायला परात घेतली. आईने दिलेली पितळेची परात, दोन्ही बाजूंना कड्या असलेली. विमानात मांडीवर घेऊन आले होते.

पीठ चाळत होते, तेवढ्यात भट्टी बंद झाली.

मी हात थांबवला.

दुंग... तक... दुंग...

या वेळी एकच ठोका नव्हता. चाल होती. तीच, डिसेंबरमधली. हॉलमध्ये कुणी नव्हतं. पण मी जिन्यातून पाहिलं तेव्हा ढोलाचं चामडं थरथरत होतं. प्रत्येक ठोक्याला वर बसलेली धूळ उडत होती.

मी वर पळाले.

मिनू पालथी झोपली होती. पंजा हलत नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर आली... खाली गेली.

दुंग.

पुन्हा वर... पुन्हा खाली.

दुंग.

खालचा ठोका आणि तिचा श्वास, एकच.

आणि ठोके संथ होत होते.

मी तिला उचललं. अंग गरम, मऊ, मान खांद्यावर लुळी. "मिनू! मिनू बाळा, ऊठ. बघ आई आलीय." गालाला पाणी लावलं. तळपायाला चिमटा काढला. जी पोर सॉक्स घालताना घर डोक्यावर घेते, तिने भुवईसुद्धा हलवली नाही.

मी ९११ फिरवला. बाई म्हणाली, अॅम्ब्युलन्स निघालीय, पण रस्ते वाईट आहेत, फोन ठेवू नका. ठोके तिला ऐकू येत होते की नाही, मला माहीत नाही. मी फोन तसाच टाकला आणि लेकीला छातीशी धरून खाली आले.

तेवढ्यात दार उघडलं. बर्फामुळे गिरीशला ऑफिसने लवकर सोडलं होतं. तो दारातच उभा राहिला. बुटांवर बर्फ, हातात डबा.

"कोण वाजवतंय?" त्याने विचारलं.

मग त्याला कोपरा दिसला. डबा हातातून पडला.

"संपव ते!" मी ओरडले. "गिरीश, तिचा श्वास बघ... संपव!"

तो बुटांसकट धावला. ढोलामागे बसला, दोन्ही हात चामड्यावर टाकले आणि जे त्याच्या हातात बसलेलं होतं तेच वाजवलं. तिहाई. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि समेवर थाप.

शांत.

मिनूने एक मोठा श्वास घेतला. मी रडायलाच लागले.

दुंग...

गिरीशचे दोन्ही हात वर होते. "मी नाही," तो म्हणाला. "नीला, मी नाही वाजवत!"

चाल पहिल्यापासून सुरू झाली होती. आधीपेक्षाही संथ.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. आपण पोचलोय, तू निघतोस कुठे? गिरीशची सम ही सुरुवात होती. त्याने संपवलं नव्हतं, नव्याने सुरू करून दिलं होतं. डिसेंबरमध्येही. तेव्हाही आणि आत्ताही गाँग वाजलाच नव्हता.

"धर हिला," मी मिनूला त्याच्या हातात दिलं. "आणि ढोलाला हात लावू नकोस."

"अगं पण..."

"तू वाजवू नकोस. त्यांचं त्यांना संपवू दे."

मी स्वयंपाकघरातून परात आणली. पीठ सगळं जमिनीवर. लाटण्याला मिनूचं दुपटं गुंडाळलं. एका कडीत बोट घालून परात उचलून धरली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. जिकडे मिनू मान वळवून बघायची, तिथे.

ढोल वाजत होता. गिरीश ढोलापासून सरकून बसला होता आणि लेकीच्या नाकाशी बोट धरून होता. दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा पडत होती की प्रत्येक वेळी वाटायचं, हा शेवटचा. मग पुढचा यायचा.

परातीच्या वजनाने बोट तुटत होतं.

मग चाल बदलली. जरा दाट झाली, लगेच सैल पडली. बॉनी शिकवायची तसलीच खूण. संपतंय... या सगळे... संपतंय...

दुंग... तक...

दुंग.

थांबलं.

"श्वास नाहीये," गिरीश म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "नीला, वाजव! वाजव ना!"

मी वाजवलं नाही.

आई होते मी. समोर माझं मूल श्वास न घेता पडलं होतं आणि मी लाटणं हवेत धरून उभी होते. सगळ्यांना घरी पोचू दे. माझ्या तोंडून आवाज न करता तेवढंच निघत होतं. सगळ्यांना घरी पोचू दे...

फणसाचा वास एकदम दाटला. मग ओसरला. उंबरठा ओलांडून कुणी बाहेर जावं तसा.

मी ठोका दिला.

परातीचा आवाज मला माहीत आहे. रोज घासते मी ती. तो आवाज परातीचा नव्हता. खोल, रुंद, जमिनीतून आल्यासारखा. पायांना जाणवला. खिडकीच्या काचा हलल्या. तो घरभर फिरला, आणि विरता विरता मिनूने श्वास घेतला आणि भोकाड पसरलं.

इतकं गोड रडणं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही.

भट्टी घूं घूं करायला लागली. कुकरची शिट्टी झाली. तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ एकही झाली नव्हती.

अॅम्ब्युलन्सची माणसं आली. तपासलं. "शी इज परफेक्ट, मॅम," त्यातला तरुण म्हणाला. पिठाने माखलेली मी, बुटांसकट फरशीवर बसलेला गिरीश, दोघांकडे त्याने एकदा नीट पाहून घेतलं. डॉक्टरांनी पुढे सगळ्या टेस्ट केल्या. काही नाही निघालं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ढोल बॉनीला नेऊन दिला. मी तिच्या टेबलावर ती चाल थापा मारून दाखवली, शेवटच्या खुणेपर्यंत. ती खुर्चीत बसली.

"अशी खूण मी कुणाला शिकवली नाही," ती म्हणाली. "मला येतच नाही. ही त्यांची स्वतःची होती."

गिरीशने त्यानंतर कंडांगला हात लावलेला नाही. तबला वाजवतो. पण तिहाई घेताना अजून त्याचा हात किंचित अडखळतो. लोकांना कळत नाही. मला कळतं.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

मिनू आता अडीच वर्षांची होईल. बडबडी, हट्टी, गालाला खळी. पण दुपारी झोपली की तिचा पंजा अजून गादीवर थापा मारतो. संथ होत जातो. शेवटी थांबतो. मग मी परात उचलून एक ठोका देते, हलकेच. ती कूस बदलते, डोळे उघडते आणि हसते. रोज.

"एकदा नको वाजवूस," गिरीश म्हणाला होता. "आपली आपण उठेल ती. बघू तरी काय होतं."

"तू बघ," मी म्हटलं. "माझ्याच्याने नाही बघवणार."

तोही पुन्हा बोलला नाही.

एकदाच उशीर झाला होता. मी बर्फ काढायला बाहेर गेले आणि दाराशी शेजारीण भेटली. धावत वर आले तेव्हा मिनूचा पंजा गादीवरून जरासा उचललेला होता, हवेत. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. काहीच.

त्यानंतर मी दुपारी बाहेर जात नाही.

पुढच्या वर्षी तिला प्रीस्कूलमध्ये घालायचंय. तिथे दुपारी मुलांना चटयांवर झोपवतात. टीचरला काय सांगू? ही परात ठेवून घ्या म्हणून?

गिरीश म्हणतो, तोवर जाईल सवय. विनीताला मी अजूनही सांगितलेलं नाही. ती परात भिंतीला टांगलेली बघून म्हणते, "काय गं, डेकोरेशन का?"

मी हो म्हणते.

थापा संथ झाल्यात. मला इथून ऐकू येतायत.

एक...

अजून एक.

थांबल्या.

आता जरा थांबते. सगळ्यांना घरी पोचू दे.

उठते.